नातू कोणाचा, ते मागाहून विचारा

मे महिन्याच्या सुट्टीत निपाणीकडे आजोळी गेलो होतो. बेळगावाहून निघालेल्या गाडीत शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, बोटांना तंबाखूचा काळसर डाग, मांडीवर पिशवी. मी मास्तर आहे हे कळताच त्यांनी थेट प्रश्न टाकला, "मास्तर, गांधीबाबाला मारायचं हाय हे टिळकांच्या नातवाला आधीच ठावं हुतं म्हनं. खरं का? मोठ्या घरची मानसं ती. त्यास्नी कोन इचारतंय?"

मी म्हणालो, "खरं आहे. पण तुम्ही म्हणता तसं नाही." एवढ्यात त्यांचा थांबा आला आणि ते उतरून गेले. माझे उत्तर अर्धेच राहिले. ते आज तुमच्यापुढे पुरे करतो. तुम्ही गोमंतकातले कुळवाडी आणि खारवी, तुम्हाला निपाणीच्या म्हाताऱ्याचा प्रश्न परका वाटायचा नाही. मोठ्या घरच्यांना कोण विचारतो, हा प्रश्न भाटकाराच्या कुळालाही पडतो आणि टोळीतल्या तांडेलालाही पडतो.

आधी झाले काय ते नीट पाहू.

२० जानेवारी १९४८. दिल्लीच्या बिर्ला भवनात सायंप्रार्थना चालू असताना मागच्या भिंतीशी स्फोट झाला. सात जण मारायला आले होते, सहा निसटले, एक सापडला: मदनलाल पाहवा, पंजाबातून आलेला निर्वासित. तिथल्या एका बाईने त्याला पाहिले होते, तिनेच बोट दाखवले. पोलिसांनी त्याला घेतले. म्हणजे कटातला एक जिवंत माणूस सरकारच्या हातात आला, तोंड उघडून बोलू लागला आणि गांधीजी अजून जिवंत होते. हातात किती दिवस होते? दहा. वाचकहो, हा आकडा लक्षात ठेवा, कारण घराणी आणि नातवंडे यांच्या गप्पांत नेमका हाच आकडा हरवतो.

मदनलालच्या जबाबात नगरच्या करकऱ्याचे नाव आले, आणि पुण्याच्या एका मराठी वर्तमानपत्राचा संपादक या कटात असल्याचे आले. पत्राचे नाव 'अग्रणी', पुढे 'हिंदुराष्ट्र'. संपादक नथुराम गोडसे, प्रकाशक नारायण आपटे. ही नावे काही गुहेत दडवलेली नव्हती. वर्तमानपत्र काढायचे तर सरकारदरबारी नोंद करावी लागते. मुंबई सरकारच्या कचेरीतल्या कारकुनाने वही उघडली असती तर पाच मिनिटांत दोन्ही नावे मिळाली असती.

वही उघडली नाही. दिल्लीचे पोलीस मुंबईला आले आणि हात हलवीत परत गेले. मुंबई प्रांताच्या गुप्त पोलिसांचे प्रमुख राणा त्या दिवसांत दिल्लीतच होते. त्यांना मदनलालचा जबाब मिळाला. ते मुंबईला कसे आले? आगगाडीने, तेही अलाहाबादवरून वळसा घालून. २७ तारखेला पोचले. विमाने तेव्हा चालू होती हो! मुंबईत उपायुक्त नगरवाला तपास करीत होते, तर त्यांच्या डोक्यात बसले होते की हा गांधीजींना पळवून नेण्याचा बेत आहे. पुण्याच्या पोलिसांना, ज्यांना गोडसे-आपटे चेहऱ्याने ठाऊक होते, कोणी काही विचारलेच नाही. ३० जानेवारीला संध्याकाळी नथुराम त्याच बिर्ला भवनात चालत आत गेला.

आता एका मास्तराची गोष्ट सांगतो, कारण ती मला जवळची वाटते. मुंबईच्या रुइया कॉलेजात जगदीशचंद्र जैन नावाचे प्राध्यापक होते. निर्वासित पोराला चार पैसे मिळावेत म्हणून त्यांनी मदनलालला स्वतःची पुस्तके विकायला दिली होती. त्या पोराने बढाई मारता मारता कटाची गोष्ट त्यांच्या कानावर घातली. जैनांना आधी ती वल्गना वाटली. २० तारखेच्या स्फोटाची बातमी वाचल्यावर ते धावत सुटले. २१ तारखेला त्यांनी मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना समक्ष भेटून सगळे सांगितले. मोरारजींनी त्याच रात्री अहमदाबादला निघता निघता स्टेशनावर नगरवालांच्या कानावर ते घातले, हेही खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. याच मोरारजींच्या पोलिसांनी पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसे मारली, म्हणून येथे त्यांच्या वाट्याचे श्रेय खाऊन टाकणे मला बरे वाटत नाही. पण कानावर घालणे निराळे आणि पाठपुरावा करणे निराळे. मास्तर सांगून सांगून दमला. साहेबांनी ऐकले आणि गाडी पकडली.

आता त्या म्हाताऱ्याच्या नातवाकडे वळू.

१९६४ च्या ऑक्टोबरात गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल शिक्षा भोगून सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेनिमित्त सत्यविनायकाची पूजा झाली आणि सत्कार झाला. अध्यक्षस्थानी होते गजानन विश्वनाथ केतकर. 'केसरी'चे माजी संपादक, 'तरुण भारत'चे माजी संपादक, लोकमान्यांच्या मुलीचे चिरंजीव. बोलण्याच्या भरात केतकरांनी सांगून टाकले की नथुरामच्या मनात काय आहे ते आपल्याला खुनाच्या आधीच ठाऊक होते. आपण ते बाळूकाका कानिटकरांमार्फत खेरांना कळवले होते, असेही त्यांनी सांगितले. दोन दिवसांनी ही गोष्ट वर्तमानपत्रात आली आणि भडका उडाला. लोकसभेत आणि विधानसभेत आरडाओरडा झाला. केतकरांना अटक झाली. गोपाळ गोडसेला पुन्हा आत टाकले. आणि खुनानंतर सतरा वर्षांनी सरकारला चौकशी करण्याची बुद्धी झाली. मार्च १९६५ मध्ये गोपाल स्वरूप पाठक नेमले गेले, ते मंत्री झाले म्हणून नोव्हेंबर १९६६ मध्ये न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आले. त्यांचा अहवाल सप्टेंबर १९६९ मध्ये झाला. शंभरावर साक्षीदार तपासले, चारशेवर कागद पाहिले.

तेव्हा लोकमान्यांचे नाव या खुनाला जे चिकटले ते असे चिकटले. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांना यातले काय ठाऊक असणार? पण माणसाचे मन असेच आहे. 'केतकर नावाच्या संपादकाला ठाऊक होते' असे म्हटले तर कोणी कान देत नाही, 'टिळकांच्या नातवाला ठाऊक होते' म्हटले की बसमधला माणूस वळून बघतो. जणू आजोबाच्या रक्तातून कट उतरतो.

मला विचाराल तर केतकरांचा दोष नातवंडपणाचा नाही. एखादा माणूस मारणार आहे असे ज्याला खरोखर कळले, त्याने एका मध्यस्थाकडून निरोप धाडून घरी बसावे काय? संपादक होता ना तो? लेखणी हातात होती. पोलीस चौकी चालत जाण्याच्या अंतरावर होती. आणि सोळा वर्षांनी ज्या सभेत हे सांगायचे ती कोणती, तर मारेकऱ्यांच्या सत्काराची! हा दोष त्यांचा स्वतःचा आहे. तो आजोबांच्या खात्यावर मांडणे म्हणजे त्यांना सोडून देणे होय. घराण्याला शिव्या घातल्या की माणूस मोकळा सुटतो, हे ध्यानात घ्या.

तुमच्या घरचेच उदाहरण देतो. खाजनाचा बांध रात्री कोणी तरी फोडला. खारे पाणी भाताच्या शेतात शिरले, वर्षाचे पीक गेले. सकाळी गाव जमतो. कोणी म्हणतो, हे अमक्या घराण्याचे काम, त्यांचे आजे-पणजे असेच होते. मग सगळे त्या घराकडे दगड घेऊन धावतात. आणि मानशीवर ज्याची राखण होती, ज्याला संध्याकाळीच कोणी तरी सांगितले होते की आज बांध फुटणार, तो गर्दीत सगळ्यांच्या पुढे उभा राहून ओरडत असतो. रापणीचे जाळे कापले गेले तरी हेच. कापणाऱ्याचे कूळ शोधण्यात दिवस जातो. होडीवर राखणीला कोण होता हे कोणी विचारत नाही.

या प्रकरणात मोठी नावे आणखीही आली, तीही सांगतो. मुंबईच्या भुलेश्वरच्या वैष्णव मंदिराचे दीक्षित महाराज, त्यांच्याकडे आपटे आणि बडगे पिस्तूल मागायला गेले होते. महाराज खटल्यात आले ते सरकारी साक्षीदार म्हणून. अलवारच्या महाराजांवर आणि त्यांचे दिवाण नारायण भास्कर खरे यांच्यावर संशय धरून त्यांना संस्थानाबाहेर ठेवले. चौकशी झाली, त्यांच्याविरुद्ध काही निघाले नाही. ग्वाल्हेरचे डॉ. परचुरे यांना खालच्या न्यायालयाने जन्मठेप दिली, अपिलात ते सुटले. यातल्या प्रत्येकावर आजही चहाच्या दुकानात खटले चालतात आणि दर वेळी शिक्षा होते.

सर्वांत मोठे नाव सावरकरांचे. येथे आपल्या बेळगावचा संबंध येतो. १० फेब्रुवारी १९४९ रोजी लाल किल्ल्यातल्या न्यायालयाने सावरकरांना निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५० मध्ये, लियाकत अली दिल्लीस येणार म्हणून सरकारने त्यांना पुन्हा धरले आणि कोठे ठेवले? बेळगावच्या तुरुंगात. आरोप नाही, खटला नाही, नुसती स्थानबद्धता. राजकारणातून बाजूला राहण्याची हमी घेऊन जुलैमध्ये सोडले. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होते. मुंबई सरकारला आपला नकोसा माणूस ठेवायला बेळगाव आपलेच वाटत होते. सहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, तेच बेळगाव म्हैसूरच्या ताटात वाढले गेले. असो.

सावरकरांविषयी मला जे वाटते ते उघड लिहितो, मग माझ्यावर दोन्ही बाजूंनी दगड पडोत. कपूर आयोगाने कागद पाहून असे म्हटले की सावरकर आणि त्यांचा गट यांनी केलेल्या कटाखेरीज दुसरे स्पष्टीकरण उरत नाही. सावरकरांचे शरीररक्षक आणि चिटणीस यांचे पोलिसांपुढचे जबाब आयोगापुढे होते. ते दोघे लाल किल्ल्यात साक्षीला उभेच केले गेले नव्हते. पण आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. सावरकर फेब्रुवारी १९६६ मध्येच वारले होते, उत्तर द्यायला नव्हते. ज्याला ते निर्दोष हवेत तो १९४९ चा निकाल दाखवतो, ज्याला दोषी हवेत तो १९६९ चा अहवाल दाखवतो, आणि दोघांपैकी कोणीही विचारत नाही की ते दोन जबाब १९४८-४९ मध्ये न्यायालयापुढे का आले नाहीत. मला तरी हाच प्रश्न मोठा वाटतो. न्यायालयाने जबाब ऐकले असते आणि सोडले असते, तर सुटका पक्की झाली असती. ऐकून शिक्षा दिली असती, तर तीही पक्की झाली असती. न ऐकल्यामुळे पाऊणशे वर्षे नुसता धूर.

आता जे सांगायला मन घेत नाही ते सांगतो.

३० जानेवारीची बातमी आली आणि मारेकऱ्याची जात कळली. पुढचे दिवस सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला. नागपुरात ग. त्र्यं. माडखोलकरांचे घर जाळपोळीत सापडले. पुढे त्यांनी त्यावर 'एका निर्वासिताची कहाणी' लिहिली. माडखोलकर कोण? १९४६ मध्ये बेळगावात साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या संमेलनात झाला ते हेच. बेळगाव-निपाणी महाराष्ट्रात यावी म्हणून ज्याने पहिली हाक दिली, त्याचेच घर मराठी माणसांनी पेटवले. त्याचा नथुरामशी संबंध काय? जात. बस्स, एवढाच.

माझे आजोळ निपाणीजवळ, त्या वेळच्या कोल्हापूर संस्थानच्या शिवेवर. आजोळच्या परड्यात न्हाणीपाशी तांब्याचे एक मोठे घंगाळ आहे. लहानपणी सुट्टीत आम्ही पोरे त्यातलेच पाणी अंगावर घेत असू. कडेला कसलीशी अक्षरे कोरलेली होती, निम्मी घासून गेलेली. डी.एड. करीत होतो त्या वर्षी मी ती अक्षरे नीट वाचली. आमचे आडनाव नव्हते. शिवेपलीकडच्या गावच्या कुळकर्ण्यांचे होते. आजोबांना विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "वाडा पेटला त्या रातीला समदे गेलते. म्या बी गेलतो." त्यापुढे त्यांनी एक शब्द बोलला नाही.

माझे आजोबा वाईट माणूस नव्हते. दुसऱ्याच्या बांधाची माती त्यांनी कधी ओढली नाही. त्या कुळकर्ण्याकडून त्यांना पूर्वी कागदपत्रांत त्रास झाला होता का, व्याजात नाडले होते का, मला माहीत नाही. झालाही असेल, कुळकर्णी आणि सावकार काही संत नव्हते. पण त्या रात्री ते त्या हिशोबाने गेले नाहीत, गांधींच्या नावाने गेले. आणि त्याच रात्री पुण्यात ज्यांना सगळे आधीपासून ठाऊक होते असे लोक सोळा-सतरा वर्षे निवांत राहायला मोकळे होते. सरकारी दप्तरात आगगाडीने अलाहाबादवरून आलेला जबाबही होता. त्या दप्तराला कोणी काडी लावली नाही, आणि लावावी असेही मी म्हणत नाही. वाचावे, एवढेच.

मोठ्या घरच्यांना कोण विचारतो, असे तो म्हातारा म्हणाला. बाबा, मोठ्या घरच्यांना विचारतात, पण उशिरा, आयोग नेमून, सहा खंडांत. लहान घरच्यांना विचारतच नाहीत. १९८१ साली याच निपाणीत तंबाखूला भाव मागत शेतकरी हमरस्त्यावर बसले होते, शरद जोशी त्यांच्याबरोबर होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, बारा शेतकरी मेले. तेथे पोलिसांना अलाहाबादवरून यावे लागले नाही. १ जून १९८६ च्या कानडीसक्तीविरोधी आंदोलनात सीमाभागात लोक पडले, हिंडलग्याला त्यांचे स्मारक उभे आहे. तेथेही सरकारला माहिती मिळायला आणि हालचाल व्हायला वेळ लागला नाही. महात्म्याला मारायला निघालेले सात जण ठाऊक असताना दहा दिवस पुरले नाहीत, आणि रस्त्यावर बसलेल्या तंबाखूवाल्यांसाठी एक दिवस पुरला.

काही मंडळी मला सांगतात, गांधींचा मारेकरी मराठी निघाला म्हणून दिल्लीने मराठी माणसावर राग धरला, दार आयोगाने त्याच वर्षी डिसेंबरात भाषावार प्रांतांना नकार दिला, म्हणून आपले बेळगाव गेले. ऐकायला गोड आहे. मीही एके काळी वर्गात असे सांगितले असेल. आता सांगत नाही. दार आयोगाने एकट्या महाराष्ट्राला नव्हे, आंध्र, कर्नाटक, केरळ सर्वांनाच नको म्हटले होते. दोन गोष्टी एका वर्षात घडल्या म्हणून एकीने दुसरी झाली असे म्हणू लागलो, तर त्या रात्री काडी घेऊन निघालेल्यांत आणि माझ्यात फरक काय? बेळगावचा आपला दावा भक्कम आहे. तो गावांच्या भाषेवर उभा आहे, खानेसुमारीच्या आकड्यांवर उभा आहे, महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो दाखल केला आहे. त्याला गांधीहत्येचा टेकू नको. गोमंतकाचा प्रश्न १६ जानेवारी १९६७ च्या कौलाने वेगळ्या वाटेने गेला. तो कौल आपल्याला कडू लागला, पण मते मोजून लागला. निपाणीच्या माणसाला तर मतच विचारलेले नाही.

संशय घेऊ नका असे मी म्हणत नाही. संशय हा शेतकऱ्याचा हक्क आहे. वजनकाट्यावर संशय घेतला नाही तर व्यापारी पोत्यामागे दोन किलो मारतो. फक्त काट्यावर घ्या, काटेवाल्याच्या आजीवर नको. आमच्या सीमाभागाच्या दोन्ही अंगांना गेल्या काही वर्षांत असेच घडले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या, ऑगस्टमध्ये धारवाडात कलबुर्गींवर. त्याआधी २०१३ मध्ये पुण्यात दाभोलकर गेले. दाभोलकर खटल्याचा निकाल मे २०२४ मध्ये लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, डोके कोणाचे ते सिद्ध झाले नाही. गावोगाव लगेच चर्चा सुरू झाली, अमक्या जातीचे, तमक्या मठाचे. पुन्हा तीच वाट. तपास अकरा वर्षे कोठे अडकला, कोणते कागद न्यायालयापुढे नीट आले नाहीत, हे विचारणारे थोडे.

निपाणीचे म्हातारे गृहस्थ हे वाचतील असे नाही. आपला अंक तेथवर जात नाही. पुढच्या खेपेला तीच गाडी पकडीन, भेटले तर सांगीन.

घंगाळाचे राहिले. आजोबा गेले, आता घर मामाकडे आहे. त्या कुळकर्ण्यांचे लोक १९४८ नंतर पुण्याला गेले एवढेच गावात ठाऊक आहे. मी मामाला फोन केला, म्हटले, पत्ता काढू, नेऊन देऊ. मामा म्हणाला, "आता कशाला उकरून काढतोस? तळ गळतोय त्याचा." मी म्हटले, गळू दे, डाग देऊन घेतो. कासाराला विचारले आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाणार आहे.